दोराच्या खाचा

एवढ्यात डोळे उघडू नका. आधी वास ओळखा. दगडी कोळशाचा धूर, ओली लोकर, रात्री तव्यावर तडतडलेल्या खारवलेल्या मांसाची चरबी, आणि या सगळ्याच्या खालून येणारा साचल्या पाण्याचा, शेवाळाचा वास. आता हात लांब करा. बोटांना चुलीचं कोमट लोखंड लागतं. पाय लांब करा, टाचा फळीवर आपटतात. पाठीशी सहा वर्षांचा भाऊ आहे, आणि रात्रभर त्याचे गुडघे तुमच्या कमरेत रुतले आहेत.

सन १८७०. नोव्हेंबरची पहाट, चार वाजलेत. इंग्लंडच्या मध्यभागी, नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या ब्लिसवर्थ गावाजवळ, ग्रँड जंक्शन कालव्याच्या काठाला बांधलेल्या एका बोटीत तुम्ही झोपला आहात. तुम्ही दहा वर्षांची मुलगी आहात. शाळेत कधी गेलेला नाहीत. स्वतःचं नाव लिहिता येत नाही, पण इथून लंडनपर्यंतचा प्रत्येक पूल आणि पाण्याचं प्रत्येक वळण अंधारातही सांगता येतं.

पडदा सरकतो आणि आई उतरते. उतरते म्हणजे काय, आडव्या फळीवरच्या बिछान्यातून एक पाऊल टाकते आणि चुलीपाशी पोचते. या घरात कुठूनही कुठेही जायला एकच पाऊल लागतं.

बोट सत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद आहे. या सात फुटांमागे एक हिशेब आहे, तो सांगायलाच हवा. १७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने वर्स्लीच्या आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा खोदवला, आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग जिथे खाण, जिथे गिरणी, तिथे कालवा असं होऊन बसलं. ड्यूकचं काम पाहणारा जेम्स ब्रिंडली पुढे मिडलंड्समधले कालवे आखू लागला, तेव्हा त्याने लॉक, म्हणजे बोटींना वरखाली नेणारे दरवाजांचे हौद, सात फुटांचे ठेवले. लॉक अरुंद असला की खोदकाम कमी, पाणी कमी, बोगदा लहान, खर्च आटोक्यात. कागदावरच्या त्या एका आकड्याने पुढच्या दोनशे वर्षांच्या संसारांची रुंदी ठरवून टाकली. ग्रँड जंक्शनचे लॉक खरं तर चौदा फुटी, दोन बोटी शेजारी शेजारी मावतील असे. पण बोट बर्मिंगहॅमकडच्या अरुंद कालव्यांतही शिरली पाहिजे, म्हणून ती सात फुटीच राहिली.

सत्तरातले बहुतेक फूट कोळशाचे. आज पंचवीस टन आहे, दक्षिणेकडच्या कागद गिरण्यांसाठी. मागच्या टोकाला जे दहा फूट उरतात, त्यात आई, बाप, तुम्ही, भाऊ आणि सात महिन्यांचं तान्हं बाळ.

आईने मेणबत्ती लावली. आता डोळे उघडा.

ही खोली नीट बघा, कारण या गोष्टीतली सगळ्यात मोठी कारागिरी इथे आहे. दारातून आत पाऊल टाकताना जी पायरी लागते ती कोळशाची पेटी आहे. डाव्या हाताला ओतीव लोखंडाची चूल. तिच्यापलीकडे उभं कपाट, आणि त्याचं दार खाली पाडलं की जेवायचं टेबल. उजवीकडे अंगभर लांबीचं बाक, दिवसा बसायला, रात्री मुलांना झोपायला. पलीकडच्या टोकाला आईबापांचा आडवा बिछाना, त्याच्यापुढे विणलेल्या जाळीचा पडदा. दिवसा तो बिछाना दुमडून कपाटात जातो. एक वस्तू दोन कामं करत नसेल तर तिला या घरात जागा नाही.

आणि तरी भिंतीवर किती काय आहे! काठाला जाळी असलेल्या चिनी मातीच्या बशा रिबिनीने टांगल्या आहेत. पितळेच्या मुठी, पितळेची दांडी, तिच्यावर बाळाचे लंगोट वाळताहेत. टेबलाच्या दारावर एक किल्ला रंगवला आहे, त्याच्या पायाशी तळं, तळ्यावर पूल, मागे निळे डोंगर. किल्ल्याभोवती लाल, पिवळे, पांढरे गुलाब, प्रत्येक पाकळी कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्याची. छपरावरच्या पाण्याच्या कॅनवर गुलाब, बादलीवर गुलाब. असा किल्ला या भागात कुठेही नाही. तो कुठून आला याबद्दल जाणकारांत अजून एकमत नाही. मला त्या किल्ल्याच्या उगमापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की ज्यांना जमिनीवर एक खोलीही नव्हती त्यांनी तो आपल्या दारावर काढून घेतला आणि रोज त्याच्यावर भाकरतुकडा मांडला.

आई चुलीला काळं पॉलिश लावते, पितळ पुसते. काठावरून जाणारा कुणीतरी दारातून आत डोकावणार हे तिला ठाऊक आहे. गावातले लोक यांना घाणेरडे म्हणतात, 'बार्जी' म्हणतात. हा शब्द या लोकांना शिवीसारखा लागतो. ते स्वतःला बोटवाले म्हणवतात, आणि पितळेची मूठ चकचकीत ठेवणं हे आईचं सगळ्या गावाला दिलेलं उत्तर आहे.

चहा पिऊन झाला. बाप घोड्याला दाणा खाऊ घालून आला. दोर जुंपला. आता घोड्याकडे पाहा, कारण हा क्षण दर वेळी बघण्यासारखा असतो. घोडा पुढे झुकतो, मागचे पाय रोवतो, आणि काहीच होत नाही. दोर ताणून थरथरतो, त्यातून पाणी ठिबकतं. घोडा तसाच झुकून राहतो. मग, नुसत्या नजरेला कळणार नाही इतक्या हळू, पंचवीस टन सरकतात. एकदा बोट हलली की पुढचं ओढणं सोपं असतं. रस्त्यावर याच घोड्याला एक-दोन टनांची गाडी ओढताना घाम फुटला असता.

पहिला पूल येतो. कमानीखाली वाट वळते, आणि ताणलेला दोर पुलाच्या कोपऱ्यावर घासत जातो. चर्र असा आवाज येतो. दोर ओला आहे, त्याला वाटेवरची रेती चिकटली आहे, आणि तो कानशीसारखा चालतो. कोपऱ्याचा दगड वाचावा म्हणून कंपनीने तिथे लोखंडी पट्टी ठोकली, तर त्या लोखंडातही खाच पडली आहे. तुम्ही लहान असल्यापासून जाता-येता त्या खाचेत बोट फिरवता. दर वर्षी ती थोडी खोल लागते.

उजवीकडे अंधारात शिट्टी होते. आगगाडी. लंडन ते बर्मिंगहॅम हा लोहमार्ग १८३८ साली पूर्ण झाला आणि तो ब्लिसवर्थवरूनच जातो. तुम्ही या बोटीत का जन्मलात, याचं बरंचसं उत्तर त्या शिट्टीत आहे. रेल्वेशी बरोबरी करायची म्हणून कालव्याच्या वाहतुकीचे दर पाडावे लागले आणि बोटवाल्याच्या हातात पडणारे पैसे घटले. पूर्वी बायकामुलं गावात भाड्याच्या घरात राहत आणि पुरुष पगारी गडी घेऊन बोटीवर जात. आता घरभाडंही परवडेना आणि गडीही परवडेना. मग बायको गडी झाली, मुलं गडी झाली आणि बोट घर झाली. मोबदला मिळतो तो खेपेचा, टनावर, आणि तो बापाच्या हातात. आई सुकाणू धरते, लॉक उघडते, स्वयंपाक करते, बाळंत होते आणि चार दिवसांनी पुन्हा सुकाणू धरते. हिशेबाच्या वहीत तिचं नाव नाही. तुमचंही नाही. ऊसतोडीच्या फडात नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' मोजतात हे ज्याने पाहिलं आहे, त्याला हे अधिक समजावून सांगायला नको.

पुढे डोंगर आला. कालवा थेट त्याच्या पोटात शिरतो.

ब्लिसवर्थचा बोगदा २,८१३ मीटर लांब आहे. १७९३ साली काम सुरू झालं, आतल्या पाण्याने पहिला बोगदा गिळला, तो सोडून नव्या रेषेवर दुसरा खणावा लागला. मधली काही वर्षं माल बोटीतून उतरवायचा, रुळांवरच्या घोडागाड्यांनी डोंगरापलीकडे न्यायचा, तिथे पुन्हा बोटीत भरायचा असं चाललं. २५ मार्च १८०५ ला बोगदा खुला झाला. आत घोड्यासाठी वाट मात्र नाही. म्हणून भाऊ लगाम धरून घोडा डोंगरावरून पलीकडे नेतो. सहा वर्षांचं पोर, आणि एवढं जनावर! एरवी हे काम तुमचं. आज आई बाळाला पाजते आहे, म्हणून सुकाणूवर तुम्ही. उंची पुरत नाही, पायाखाली स्टूल घ्या.

तोंडाशीच झोपडी आहे. तिच्यातून पायाडे बाहेर येतात, दंडावर कंपनीचा पितळी बिल्ला असलेले. हे लोक पायांनी बोट चालवतात. बोटीच्या नाकाडावर दोन्ही बाजूंना बाहेर निघतील अशा फळ्या टाकतात, त्यांच्यावर उताणे पडतात, आणि बोगद्याच्या भिंतीवर तळपाय टेकून आडवे चालू लागतात. दोन माणसं, दोन भिंती, मध्ये पंचवीस टन.

आत शिरलात की मागचं तोंड आधी दारासारखं दिसतं, मग खिडकीसारखं, मग नाण्यासारखं. पुढे दिव्याचा पिवळा डाग आणि त्यात चार बूट. खट्, खट्, खट्, खट्. भिंतीच्या विटा घामेजल्या आहेत. वर हवेसाठी खणलेले उभे बोगदे आहेत, त्यांच्याखालून जाताना पाण्याची धार थेट डोक्यावर येते, थंडगार. ओरडायचं नाही, आवाज फिरत राहतो. फळीवरून घसरलेला माणूस बोट आणि भिंत यांच्यामध्ये जातो, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, पण आई अशा वेळी बोलायची थांबते, त्यावरून तुम्हाला कळलं आहे.

दोन तास. कदाचित तीन. अंधारात वेळ मोजता येत नाही, तेव्हा मोजू नका. सुकाणू घट्ट धरा. वर्षं आता सुटी होताहेत.

ऐका, बुटांचे आवाज थांबले. १८७१ साल लागलं. वाफेची टग-बोट आली, तिने एकामागे एक बोटी जोडून ओढायला सुरुवात केली आणि पायाड्यांची झोपडी रिकामी झाली. धूर छातीत भरतो. धुरातून १८७७ येतं. जॉर्ज स्मिथ नावाचा एक माणूस, कोलव्हिल गावचा, लहानपणी वीटभट्टीवर डोक्यावरून माती वाहिलेला, तुमच्यासारख्या मुलांसाठी पार्लमेंटच्या पायऱ्या झिजवत होता. त्याच्यामुळे कॅनॉल बोट्स ॲक्ट झाला, १८८४ मध्ये त्याला दात आले. बोटीची नोंदणी, तपासनीस, आणि केबिनमध्ये किती माणसं झोपायची याची मर्यादा. बारा वर्षांवरच्या माणसाला साठ घनफूट, त्याहून लहानाला चाळीस. साठ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, चार फूट उंच अशी पेटी. कायद्याने माणसाला निदान पेटीएवढी जागा द्या म्हटलं, आणि त्याआधी तीही नव्हती.

स्मिथबद्दल मला मनापासून आदर आहे. मुलांच्या शाळेचा प्रश्न त्याने लावून धरला आणि त्यात आपली जमापुंजी घालवली. पण जगाला जागं करण्यासाठी त्याने सगळ्याच बोटवाल्यांना दारुडे आणि रानटी रंगवलं. तुमच्या आईने पितळ घासून जे उत्तर दिलं होतं, ते त्याने ऐकलं नाही. बोटीवरच्या लोकांनी त्याला ते कधी माफ केलं नाही, आणि त्यांची बाजू मला पटते.

शाळा मिळाली ती कशी? जिथे बोट थांबेल तिथली. माल उतरायला अर्धा दिवस लागला तर अर्धा दिवस शाळा. मागच्या बाकावर बसायचं, अंगाला कोळशाचा वास येतो म्हणून शेजारची मुलगी सरकते, आणि अक्षर गिरवून पुरं होण्याआधी बाप दारात उभा. बोट निघाली.

१९३६. वाफेची टगही गेली. आता इंजिनाचा ठोका ऐकू येतो, जाड, डिझेलचा. समोर उजेड नाण्याएवढा दिसतो, मग खिडकीएवढा.

बाहेर आलात तेव्हा स्टोक ब्रुअर्न गाव आहे, साल १९४४, आणि तुमचं वय एकवीस. पायांत जाड बूट, अंगात पुरुषी पँट. तुम्ही लंडनच्या चांगल्या घरातली मुलगी आहात, कालव्यावर येऊन तीन महिने झाले. पुरुष युद्धावर गेलेत, आणि सरकारने बायकांना मालबोटी चालवायला शिकवायची योजना काढली आहे. छातीवरच्या बिल्ल्यावर आय आणि डब्ल्यू ही अक्षरं आहेत, इनलँड वॉटरवेजची. लोकांनी त्याचा अर्थ 'आयडल वीमेन' म्हणजे आळशी बायका असा लावला. तुमचे तळहात पाहिले असते तर ही थट्टा त्यांना सुचली नसती. साऱ्या युद्धात अशा मुली जेमतेम पन्नासेक झाल्या.

घोडा नाही. पुढे इंजिनाची बोट, मागे तिला जोडलेली बिनइंजिनाची, तिला 'बटी' म्हणतात. दोन्ही मिळून पन्नास टन, आणि माणसं तीन, तिन्ही मुली. लंडनच्या गोदीतून माल घ्यायचा, बर्मिंगहॅमला उतरवायचा, कॉव्हेंट्रीकडून कोळसा भरून परत यायचं. एका फेरीला साधारण तीन आठवडे. शौचाला बादली. आंघोळ मिळेल तेव्हा.

आता सात लॉक उतरायचे आहेत. लॉक म्हणजे पाण्याच्या जिन्याची एक पायरी. लॉक हाताळायचा असतो असा: बोटी आत घेतल्या, मागचे दरवाजे लोटले, कमरपट्ट्यातून लोखंडी हँडल काढलं, दात्यावर बसवलं, फिरवलं. खालची झडप उघडते आणि दोन लाख लिटरहून जास्त पाणी पुढे निघून जातं. बोटी भिंतींच्या मधोमध खाली खाली जातात. लक्ष मागे ठेवा. वरच्या दरवाजाच्या पायाशी दगडी उंबरा असतो, बोटीचं मागचं टोक त्याच्यावर अडकलं तर पुढचं टोक खाली जातं आणि मिनिटभरात बोट बुडते. हँडल हातातून सुटलं तर उलट फिरून मनगट मोडतं. हे तुम्हाला कुणा पुस्तकाने शिकवलेलं नाही. शेजारच्या बोटीवरच्या एका बोटवालीने तुम्हाला एकदाच करून दाखवलं, न बोलता. ती सहाव्या वर्षापासून हे करते आहे. कमरेला बाळ, एका हातात सुकाणू, आणि चुलीवर बटाटे उकळताहेत. टपावर तिचं दोन वर्षांचं पोर चालतंय, त्याच्या कमरेचा पट्टा धुराड्याला बांधलेला आहे, पाण्यात पडू नये म्हणून.

तुम्हाला आठवड्याचा पगार मिळतो, तुमच्या नावाने. तिला नाही. बोटीचा कॅप्टन तिचा नवरा आहे, पैसे त्याच्या हातात पडतात. चुलीपासून चुलीपर्यंत वीस फुटांचं अंतर, काम एकच, आणि हे असं. युद्ध संपल्यावर तुम्ही घरी जाल. तुमच्यातलीच एक, एमा स्मिथ, १९४८ साली 'मेडन्स ट्रिप' लिहील आणि ते पुस्तक पिढ्यान् पिढ्या वाचलं जाईल. शेजारच्या बोटवालीला वाचता येत नाही. आज आपल्याला तिच्याबद्दल जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं तुमच्यासारख्या मुलींनी तिच्याकडे पाहून लिहिलेलं आहे. ते प्रेमाने लिहिलं आहे, पण ती स्वतः काय म्हणाली असती, ते गेलं.

लॉकच्या काठावरच एक घर आहे, त्याचं दार कायम उघडं. सिस्टर मेरी वॉर्ड तिथे राहतात. बोट लॉकमध्ये उतरेपर्यंतच्या वेळात बोटवाल्या आपली पोरं घेऊन दारात येतात. भाजलेला हात, कानातला पू, दिवस भरत आलेली बाई. जिचा पत्ता रोज बदलतो तिने डॉक्टर कुठला गाठायचा? या बाईंनी १९६२ साली निवृत्त होईपर्यंत कालव्यावरच्या माणसांना स्वतःची माणसं मानलं. माझ्या लेखी या साऱ्या कालव्यावर मोठी माणसं मोजायची तर आधी त्यांना मोजावं, इंजिनिअर नंतर.

याच डिसेंबरात लंडनमध्ये एक पुस्तक निघतं आहे. टॉम रोल्ट हा इंजिनिअर १९३९ साली पत्नी अँजेलासोबत 'क्रेसी' नावाच्या जुन्या बोटीत राहायला गेला, त्या प्रवासाचं हे 'नॅरो बोट'. ते वाचून लोक हेलावले. १९४६ मध्ये रोल्ट आणि रॉबर्ट एकमन यांनी इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी केली, आणि बुजवायला काढलेले कालवे वाचवण्याची चळवळ सुरू झाली. कालवे वाचले. त्यांच्यावर राबणारी माणसं वाचली नाहीत.

रात्र झाली. सुकाणूचा लाकडी दांडा काढून उलटा लावा, ही बोट थांबल्याची खूण. झोपा.

सकाळी बोट हलत नाही. पाणी लपलपण्याचा आवाजही नाही. दार उघडा. १९६३ चा जानेवारी आहे, तुम्ही आता एका बोटवालीची लेक आहात, आणि कालवा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पांढरा, टणक. नाताळच्या सुमाराला पाणी गोठलं, ते मार्चपर्यंत सुटलं नाही. बोटी जिथे होत्या तिथे अडकल्या. खेप नाही म्हणजे पैसे नाहीत. कोळसा मात्र लोकांना हवाच होता, आणि तो लॉरीतून यायला लागला. बर्फ वितळलं तेव्हा बहुतेक गिऱ्हाइकं परत आली नाहीत. १९४८ पासून सरकारकडे असलेला बोटींचा ताफा मोडीत निघाला. काही थोड्या जोड्या पुढे चालत राहिल्या. ॲथर्स्टोनहून लंडनजवळच्या साउथॉलच्या जॅम कारखान्याला कोळसा नेणारी शेवटची नेमाची लांब खेप ऑक्टोबर १९७० मध्ये झाली.

आई पन्नास वर्षांची आहे. काठावर तिला नगरपालिकेचं घर मिळालं. चार खोल्या, नळ, जिना. पहिल्या रात्री तिला झोप आली नाही, कारण घर हलत नव्हतं आणि भिंती हाताला लागत नव्हत्या. बोटीवरून उतरलेल्या कितीतरी बायकांनी नंतर हेच सांगितलं.

आता आज. स्टोक ब्रुअर्नला काठावरच्या जुन्या धान्याच्या गिरणीत कालव्यांचं संग्रहालय आहे, १९६३ पासून, म्हणजे बर्फ वितळलं त्याच वर्षी. समोर रंगीत बोटी बांधलेल्या. टपावर सौरपट्ट्या, सायकली, कुंड्यांत कोथिंबिरीसारखी काही पालेभाजी. बादल्यांवर तेच गुलाब. जाणकार सांगतात की या पाण्यावर आज औद्योगिक क्रांतीच्या ऐन भरातल्यापेक्षा जास्त बोटी आहेत. कुणी सुटीला आलेत, कुणी निवृत्तीनंतर जग बघताहेत. आणि पुष्कळांना शहरातलं घरभाडं परवडत नाही म्हणून ते इथे राहताहेत. १९९५ च्या कायद्याप्रमाणे ज्याला बांधायची स्वतःची जागा नाही त्याने चौदा दिवसांपेक्षा जास्त एका ठिकाणी राहायचं नाही, पुढे सरकायचं. त्यांनाही शाळेचा, दवाखान्याचा, टपालाचा पत्ता विचारतात, आणि त्यांनाही तो देता येत नाही. तेव्हा या बोटी पाहताना नुसते गुलाब पाहू नका. आतल्या माणसाला भाडं किती पडत होतं ते विचारा.

लंडनला जाणं झालं, तर आणखी एक करा. रीजंट्स पार्कच्या उत्तरेला, प्राणिसंग्रहालयापासून थोड्या अंतरावर, कालव्यावर मॅक्ल्सफील्ड पूल आहे. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे 'टिलबरी' ही बोट बंदुकीची दारू घेऊन त्याच्याखाली आली असताना स्फोट झाला. बोटीवरचे तिघे गेले आणि पूल कोसळला. ओतीव लोखंडाचे खांब मात्र शाबूत राहिले. पूल पुन्हा बांधताना ते खांब फिरवून उभे केले, त्यामुळे दोराने पाडलेल्या जुन्या खाचा मागे गेल्या, आणि पाण्याच्या बाजूला दोर नव्याने घासू लागले. आज त्या खांबांना दोन्ही बाजूंनी खाचा आहेत. करंगळी ठेवून पाहा, आत बसते.